शेजाऱ्याला धक्का न लावता ठळक

आपल्या धंद्यातल्या माणसाला "तुझ्या एडिटरचा फॉन्ट कोणता?" असं विचारलं की दोन प्रकारची उत्तरं येतात. पहिला म्हणतो, "जो आधी होता तोच आहे, कधी बदलला नाही." दुसरा गडी चहा गार होईपर्यंत बोलत राहतो. मी दुसऱ्या गटातला, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलं असेलच. :-) पण घाबरू नका, या विकांताला सगळ्या फॉन्टांची यादी वाचून दाखवणार नाही. आज फक्त एकाच कोपऱ्याबद्दल बोलायचं आहे: मोनोस्पेस सॅन्स-सेरिफ बोल्ड. म्हणजे सगळी अक्षरं सारख्या रुंदीची, टोकांना नक्षीचे पाय नसलेली, आणि वजनाने ठळक.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. हा ठळकपणा ही आपल्या पडद्यावरची सगळ्यात महाग वस्तू आहे. घडवायला अवघड, वाचणाऱ्याला अतिशय उपयोगी, आणि आपण मात्र तो लग्नातल्या अक्षतांसारखा उधळतो.

आता हे जरा सविस्तर.

चाळीतल्या खोल्या

नेहमीच्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला त्याच्या अंगाप्रमाणे जागा मिळते. इंग्रजी आय बारीक, त्याला चिंचोळी जागा. एम रुंद, त्याला ऐसपैस जागा. मोनोस्पेस फॉन्ट म्हणजे जुनी चाळ. सगळ्यांना दहा बाय दहाची एकच खोली. त्यात आय हा सडाफटिंग एकटा राहतो आणि एमचं एकत्र कुटुंबही तेवढ्याच खोलीत.

ही चाळ बांधली टाइपराइटरने. एक कळ दाबली की गाडा ठरलेलं अंतर सरकणार, अक्षर कुठलंही असो. पायका मापाच्या यंत्रावर इंचाला दहा अक्षरं, एलिटवर बारा. आयबीएमसाठी हॉवर्ड केटलर यांनी पन्नाशीच्या दशकात केलेला कुरिअर हा फॉन्ट या यंत्राचाच मुलगा. त्याच्या आयला आणि एलला जे लांबलचक पाय आहेत ते शोभेचे नाहीत, खोली भरून काढायला आहेत.

आता गंमत बघा. टाइपराइटरवर बोल्ड नव्हताच. एकच साचा, एकच वजन. मग शीर्षक ठळक कसं करायचं? गाडा मागे घ्यायचा आणि त्याच जागी तेच अक्षर पुन्हा हाणायचं. शाई दुप्पट, अक्षर काळंभोर. ही युक्ती चालायची, कारण प्रत्येक अक्षराचं घर ठरलेलं. मागे एक पाऊल म्हणजे नेमकं मागचंच अक्षर, ना कमी ना जास्त.

युनिक्सने ही सवय जशीच्या तशी उचलली. मॅन्युअलची पानं तयार करणारा एनरॉफ हा प्रोग्राम ठळक अक्षरासाठी "अक्षर, बॅकस्पेस, पुन्हा तेच अक्षर" असं लिहायचा, म्हणजे प्रिंटर ते दोनदा ठोकेल. आज लेस या कमांडला असा मजकूर दिला तर ती ओळखते आणि पडद्यावर बोल्ड दाखवते. एखाद्या मॅन पेजचा मजकूर फाइलमध्ये काढल्यावर शब्दांतली अक्षरं दुप्पट झालेली कुणी पाहिली असतील, तर तो त्या जुन्या हातोड्याचा आवाज होता! तो घालवायला कॉल नावाची कमांड आहे, तिचा बी हा पर्याय नेमका याच कामाचा.

उजेड म्हणजे जाडी नव्हे

पडदे आले आणि हातोडा गेला. ठळकपणाचं काय करायचं? सोपा मार्ग सापडला: अक्षर जाड करण्याऐवजी उजळ करायचं. डीईसीच्या व्हीटी-१०० टर्मिनलच्या (१९७८) काळापासून आपण जो बोल्डचा संकेत वापरतो, तो क्रमांक एक, त्याचा अर्थच मुळी "ठळक किंवा वाढीव तीव्रता" असा आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीवरही तेच. अक्षराच्या रंगासाठी चार बिट, त्यातलं एक तीव्रतेचं. जाडीचा प्रश्नच नाही.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात टर्बो सीचा तो निळा पडदा आणि पिवळी अक्षरं पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. ऐंशी रकाने, पंचवीस ओळी, आणि अक्षराचं वजन एकच. जोर द्यायचा तर रंग बदला.

या वारशाने एक घोळ मात्र करून ठेवला, तो अजून निस्तरायचा आहे. लिनक्सवर एलएस ही कमांड डिरेक्टरीची नावं ठळक निळ्या रंगात दाखवते. ही योजना करताना गृहीत असं की "ठळक" म्हटल्यावर टर्मिनल गडद निळ्याऐवजी उजळ निळा वापरेल. आता ज्या टर्मिनलमध्ये बोल्ड म्हणजे खरोखर जाड अक्षर आणि रंग तोच राहतो, तिथे काळ्या पार्श्वभूमीवर गडद निळी जाड अक्षरं येतात. अमावस्येच्या रात्री काळ्या मांजरीने निळा स्वेटर घालावा तसं! म्हणून टर्मिनलच्या सेटिंगमध्ये "बोल्डला उजळ रंग द्यायचा का" असा एक चौकोन असतो. तो कशासाठी आहे हा प्रश्न पडला असेल तर उत्तर हे. १९७८ पासून जाडी आणि उजेड यांची जी गल्लत चालू आहे, तिच्यावर ही खूण करायची की नाही एवढं तुम्हाला विचारलेलं असतं.

खरा ठळक आणि खोटा ठळक

मुद्द्याचं इथून पुढे. विंडोज २००० आणि एक्सपीच्या नोटपॅडमध्ये जो फॉन्ट यायचा, लुसिडा कन्सोल, त्याला बोल्ड नव्हता. मॅकवरचा मोनॅको, त्यालाही बोल्ड नव्हता. मायक्रोसॉफ्टने वेबसाठी वाटलेला आंदाले मोनो, तोही एकाच वजनाचा. कुरिअर न्यूला बोल्ड होता, पण तो सेरिफवाला. म्हणजे २००० च्या आसपास सर्वसामान्य प्रोग्रामरच्या मशीनवर आपसूक आलेले जे मोनोस्पेस सॅन्स-सेरिफ फॉन्ट होते, त्यांतल्या या तीन ठळक नावांना ठळक रूपच नव्हतं!

मग एडिटरमध्ये बोल्ड दिसायचा तो कुठून? तो खोटा. मूळ अक्षर काढायचं, तेच पुन्हा एक पिक्सेल बाजूला सरकवून काढायचं. टाइपराइटरचीच युक्ती, पण त्यातला शहाणपणा वजा केलेली. टाइपराइटर त्याच जागी ठोकायचा, इथे बाजूला सरकलं. ई या छोट्या अक्षराच्या पोटातली फट बुजली, आठ आणि बी एकमेकांसारखे दिसू लागले, आणि सगळी ओळ शाई फुटल्यासारखी.

२००३ साली बिटस्ट्रीम या अमेरिकन फॉन्ट कंपनीने ग्नोम फाउंडेशनशी करार करून व्हेरा ही दहा फॉन्टांची मालिका मुक्त परवान्याने दिली. जिम लाइल्स यांनी आखलेली. त्या दहांपैकी चार मोनोस्पेस होते: साधा, ठळक, तिरपा आणि ठळक-तिरपा. म्हणजे एका माणसाने बसून प्रत्येक अक्षर ठळक रूपासाठी वेगळं आखलं होतं, आणि ते फुकट मिळत होतं. बदल करायची मुभा होती, अट इतकीच की बदललेल्या फॉन्टला नाव दुसरं द्यायचं. म्हणून २००४ मध्ये त्यातून देजा व्हू हा प्रकल्प निघाला. मग देजा व्हू सॅन्स मोनो कित्येक लिनक्स वितरणांत घरचाच झाला. २००९ मध्ये ॲपलने स्नो लेपर्डमध्ये मोनॅकोला बाजूला सारून टर्मिनल आणि एक्सकोडसाठी मेन्लो आणला, तो याच व्हेराच्या वंशातला, आणि त्यालाही खरा बोल्ड. विंडोजकडे २००७ मध्ये व्हिस्टाबरोबर लुकास डी ग्रूट यांचा कन्सोलास आला, तोही चारही रूपांत.

म्हणजे जी गोष्ट आपण गृहीत धरतो, ती आपल्या हातात येऊन फार काळ झालेला नाही.

एमचं एकत्र कुटुंब

खरा बोल्ड आखण्यात एवढं काय अवघड? आकड्यांतच बघू.

साध्या, मोनोस्पेस नसलेल्या देजा व्हू सॅन्समध्ये एन हे छोटं अक्षर ठळक केलं की त्याची रुंदी सुमारे बारा टक्क्यांनी वाढते. स्वाभाविक आहे, माणूस जाडा झाला की शर्टही मोठा. पण देजा व्हू सॅन्स मोनोमध्ये अक्षराची रुंदी साध्या रूपात २०४८ पैकी १२३३ एकक, आणि ठळक रूपातही १२३३. एककही जास्त नाही. माणूस जाडा झाला, शर्ट तोच.

आता हे जुन्या ९६ डीपीआयच्या पडद्यावर दहा पॉइंटला लावा. अक्षराची उंची म्हणून साधारण तेरा पिक्सेल, खोलीची रुंदी आठ पिक्सेल. साध्या रूपात एका उभ्या रेघेला एक पिक्सेल. ठळक करायचं तर दोन, कारण दीड पिक्सेल नावाची गोष्ट तिथे धडपणे जमत नाही. एमला तीन उभ्या रेघा. तीन दुणे सहा. मधल्या दोन फटींना एकेक पिक्सेल, झाले आठ. खोली संपली! शेजारच्या अक्षरापासून वेगळं दिसायला बाजूला एक पिक्सेल तरी हवा, तो कुठून आणायचा?

इथे आखणाऱ्याचं खरं कसब. कुणी एमचा मधला पाय बारीक करतो, कुणी तो अर्ध्यावरच सोडतो. आडव्या रेघा उभ्यांपेक्षा पातळ ठेवतो, म्हणजे ई आणि एच्या पोटात उजेड राहतो. जाडी बाहेर वाढवता येत नाही म्हणून आत वाढवतो, आणि आतली पांढरी जागा किती खाल्ली तर अक्षर गुदमरतं याचा अंदाज अक्षरागणिक वेगळा घेतो. शून्याच्या पोटात व्हेराने टिंब दिलं, मेन्लोने तिरपी रेघ. साध्या वजनात दोन्ही छान. पण ठळक रूपात पोट लहान होतं, आणि ते टिंब भिंतीला चिकटलं की शून्याचा आठ झालाच म्हणून समजा.

आणि हे सगळं कशासाठी? तर ठळक झालेल्या अक्षराने शेजाऱ्याला धक्का लावू नये म्हणून. मला या गोष्टीचं सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं. मोनोस्पेस बोल्ड हा असा जोर आहे की तो दिल्याने बाकी काहीच हलत नाही. शब्द उठून दिसतो आणि ओळ जागची सरकत नाही, रकाना मोडत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: कोडला मोनोस्पेस हवाच कशाला? सी प्लस प्लसचे जनक स्ट्रॉस्ट्रप यांच्या गाजलेल्या पुस्तकात कोड सरळ कमीजास्त रुंदीच्या फॉन्टमध्ये छापलेला आहे, आणि तो वाचताना कुणाचं अडलेलं नाही. मान्य. पण छापलेलं पान स्थिर असतं. एडिटरमध्ये तुम्ही एखादा शब्द शोधता आणि तो ठळक होतो, पुढच्याकडे जाता आणि पहिला पुन्हा साधा होतो. कमीजास्त रुंदीच्या फॉन्टमध्ये प्रत्येक वेळी ओळ मागेपुढे नाचेल. जिथे जोर क्षणाक्षणाला येतो-जातो, तिथे जागा न हलवणारा जोरच लागतो.

अक्षता कुठे टाकायच्या

आता माझी खरी तक्रार. इतक्या कष्टाने घडवलेली ही वस्तू आपण खर्च कशावर करतो? इफ, एल्स, रिटर्न आणि पब्लिक स्टॅटिक फायनलवर!

ही परंपरा जुनी आणि कुलीन आहे. १९६० च्या अल्गोल अहवालात भाषेचे राखीव शब्द ठळक छापलेले आहेत. तिथे त्याला कारण होतं. अल्गोलमध्ये ठळक शब्द हे एकच चिन्ह मानलं जायचं, साध्या अक्षरांच्या नावापासून वेगळं. म्हणजे तिथला ठळकपणा व्याकरणाचा भाग होता, सजावट नव्हे. पुढे पुस्तकांनी ती पद्धत उचलली, आणि पुस्तकांतून ती एडिटरांत आली. एक्लिप्समध्ये जावाचे राखीव शब्द जांभळट आणि वर ठळक. इंटेलिजेच्या जुन्या उजळ थीममध्ये गडद निळे आणि वर ठळक. आपल्यापैकी किती जणांनी कामाची पहिली चार-पाच वर्षं त्याच रंगांत काढली!

पण विचार करा, रिटर्न हा शब्द तुम्हाला कधी दिसला नाही असं झालंय? तो तर डोळे अर्धे मिटूनही दिसतो. जावाच्या पन्नास ओळींच्या पडद्यावर जवळजवळ प्रत्येक ओळीत एखादा राखीव शब्द असतो. म्हणजे पडद्यावर पन्नास ठिकाणी जोर. जत्रेत प्रत्येक दुकानाने भोंगा लावला की भोंग्याला अर्थ राहत नाही, फक्त कान दुखतात.

माझ्या एडिटरमध्ये राखीव शब्द साधे आणि जरा फिकट आहेत. ठळक फक्त तीन गोष्टी. एक, जिथे एखादं फंक्शन किंवा क्लास पहिल्यांदा जन्माला येतो तिथे त्याचं नाव. वापरात नाही, फक्त जन्मस्थानी. भरभर खाली सरकताना डोळा बरोबर तिथेच अडकतो, पुस्तकातल्या धड्याच्या नावासारखा. दोन, शोधलेला शब्द. जीएनयू ग्रेपने हे आधीच शहाणपणाने केलंय, जुळलेला मजकूर ठळक लाल. तीन, चुकीच्या संदेशातला नेमका भाग. जीसीसीमध्ये ४.९ आवृत्तीपासून (२०१४) रंगीत संदेशांची सोय आली, तेव्हा फाइलचं नाव, ओळ आणि अवतरणातला शब्द यांना त्यांनी नुसता बोल्ड दिला, रंग नाही. मला ही निवड फार आवडते.

टर्मिनलमध्ये आणखी एक. चालू प्रॉडक्शन सर्व्हरवर असताना प्रॉम्प्टमधलं मशीनचं नाव ठळक, बाकी सगळीकडे साधं. रात्री दोन वाजता चार खिडक्या उघड्या असतात तेव्हा याची किंमत कळते.

"एवढं सगळं रंगाने होतं की!" असं म्हणाल. होतं, ज्याला रंग दिसतात त्याला. माझ्या टीममध्ये एक मुलगा होता, डोक्याने अतिशय तल्लख. त्याला लाल आणि हिरवा यांत फरक फारसा कळायचा नाही. गिटचा डिफ काय दाखवतो? काढलेली ओळ लाल, घातलेली हिरवी, दोन्ही एकाच वजनाच्या. तो बिचारा ओळीच्या सुरुवातीच्या अधिक-उण्याच्या चिन्हांवरून वाचायचा, आणि ओळीत नेमका कोणता शब्द बदलला ते शोधायला त्याला सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागायचा. कोड रिव्ह्यूमध्ये तो गप्प असतो, असा शेरा त्याच्याबद्दल पडला होता. आम्ही एक दिवस बसून सेटिंग बदललं: बदललेले शब्द ठळक, बाकीची ओळ साधी. त्यानंतरच्या रिव्ह्यूत त्याने एका तासात माझ्याच कोडवर अकरा शेरे मारले. :-) त्यातले नऊ बरोबर होते.

लाल-हिरव्याची ही अडचण पुरुषांमध्ये काही दुर्मीळ नाही. तुमच्या टीममध्येही एखादा असेल आणि त्याने कधी सांगितलं नसेल. वजन सगळ्यांना दिसतं. काळ्यापांढऱ्या प्रिंटमध्ये दिसतं, प्रोजेक्टरच्या धुपलेल्या रंगात दिसतं, उन्हात धरलेल्या लॅपटॉपवर दिसतं. म्हणून ते राखून वापरायचं. पन्नास जागी उधळलं तर त्या मुलाला ते मिळूनही उपयोग नव्हता.

आपली अक्षरं या चाळीत मावतात का?

इथे मराठी माणसाचा प्रश्न येणारच. लॉगमध्ये ग्राहकांची नावं देवनागरीत आहेत, चाचणीच्या फाइलमध्ये पत्ते मराठीत आहेत, आणि टर्मिनलवरचे रकाने पार विस्कटलेत. असं का?

देवनागरीला चाळीत बसवण्याचा एक मोठा प्रयोग आपल्याकडे होऊन गेलाय: मराठी टाइपराइटर. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपराइटर बाजारात आणला. पुढे अशा यंत्रांवर मराठी तीसची परीक्षा देणाऱ्या मुलामुलींनी गावोगावचे टायपिंग क्लास भरलेले असायचे. तिथे ग पूर्ण नसायचा. अर्धा ग आणि मग काना. वरच्या-खालच्या मात्रांच्या कळा अशा की त्या दाबल्यावर गाडा पुढे सरकत नसे. जोडाक्षरं तुकड्यातुकड्यांनी. सरकारी कचेऱ्या त्यावर चालल्या, पण ते अक्षर सुंदर होतं असं कुणी म्हणणार नाही. कारण आपल्या लिपीचा स्वभाव खोल्यांचा नाही. आपण वरून वाशाने बांधलेले, वाड्यासारखे. कुठे माजघर मोठं, कुठे कोनाडा.

टर्मिनल अजून खोल्याच मोजतं, आणि तेही चुकीच्या. जुन्या प्रचलित हिशेबात प्रत्येक व्यंजनाला एक खोली, काना आणि वेलांटीला एक, आणि हलंत, उकार, मात्रा, अनुस्वार यांना शून्य. "स्त्री" हा शब्द घ्या. स, त, र आणि ई-कार मिळून चार खोल्या. प्रत्यक्षात पडद्यावर उमटतं ते दोनेक खोल्यांएवढं एकच अक्षर. उरलेल्या दोन खोल्या रिकाम्या राहतात किंवा पुढचा मजकूर भलतीकडे जातो. पुरुष-स्त्री असा रकाना छापून बघा, लगेच दिसेल.

आणि ठळकपणा? देजा व्हूमध्ये देवनागरी नाहीच. एडिटर गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून अक्षरं उसनी आणतो. एक्सपीच्या काळात तो दुसरा फॉन्ट म्हणजे र. कृ. जोशी यांचा मंगल. साध्या रूपात त्याने मराठीला जालावर उभं केलं, हे उपकार विसरता येणार नाहीत. पण तेव्हा त्याला ठळक रूप नव्हतं, म्हणून बोल्ड केला की तीच एक पिक्सेल सरकवायची युक्ती. इंग्रजीत ई बुजतो, इथे तर क्ष, ज्ञ, श्र यांच्या गाठीच बुजायच्या. शिरोरेषा जाड, तिच्यावरचा अनुस्वार तिला चिकटलेला. मराठी शीर्षकं त्या काळी ठळक करण्यापेक्षा मोठी केलेली बरी दिसायची, ती त्यामुळेच.

आज परिस्थिती पुष्कळ चांगली आहे. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता हा देवनागरी फॉन्ट सात वजनांत आणि मुक्त परवान्याने मिळतो, त्यातलं ठळक रूप खरोखर आखलेलं आहे. पण तो मोनोस्पेस नाही, आणि माझ्या मते नसावाच. देवनागरीला आठ पिक्सेलच्या खोलीत कोंबून त्यावर आणखी जाडी चढवायची, हा हट्ट आपण करू नये. हट्ट धरायचा तो प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडे, म्हणजे आपणच आपल्याकडे: रुंदी मोजताना सुटे तुकडे मोजू नका, पूर्ण अक्षर मोजा. "स्त्री" हे चार वस्तूंचं गाठोडं नाही, ते एक अक्षर आहे. हे आपण लहानपणी पाटीवर शिकलो, प्रोग्रामला शिकवायचं राहिलंय.

तोवर एक साधा उपाय, मी नेहमी करतो. तक्त्यात मराठी मजकुराचा रकाना सगळ्यात शेवटी टाका. त्याने कितीही जागा घेतली तरी बिघडायला उजवीकडे कुणी शेजारी उरत नाही.

तासाभराचं काम

आता हे सगळं वाचून काय करायचं? फॉन्ट विकत घ्या असं अजिबात म्हणत नाही. व्हेराच्या वंशातले, अडोबीचा सोर्स कोड प्रो (२०१२), जेटब्रेन्स मोनो (२०२०), सगळे फुकट आहेत आणि सगळ्यांना खरं ठळक रूप आहे. नवीन फॉन्टांत मधली वजनंही मिळतात. गडद थीम वापरत असाल तर काळ्यावर पांढरं अक्षर मुळातच जाड भासतं, तेव्हा पूर्ण बोल्डऐवजी एक पायरी खालचं सेमीबोल्ड लावून बघा. आजच्या बारीक पिक्सेलच्या पडद्यांवर ती दीड पिक्सेलची जाडीही आता नीट दिसते.

मग ही परीक्षा घ्या. रोज ज्या आकारात काम करता त्याच आकारात, मोठं न करता, ठळक अक्षरात ओळीने टाइप करा: शून्य, मोठा ओ, आठ, मोठा बी. मग एक, छोटा एल, मोठा आय. मग छोटा एम, डब्ल्यू आणि ॲटचं चिन्ह. हात लांब करून बघा. शून्याचा आठ होत असेल, एमचा काळा ठोकळा होत असेल, तर तो बोल्ड तुमच्या कामाचा नाही, मग फॉन्टचं नाव कितीही मोठं असो.

तो पास झाला की एडिटरच्या सेटिंगमध्ये जा आणि राखीव शब्दांपुढची बोल्डची खूण काढून टाका. पहिले दोन दिवस पडदा ओकाबोका वाटेल. तिसऱ्या दिवशी फंक्शनची नावं दिसायला लागतील.